एक घर, एक वार: मंडळीतल्या सेवेची सुरुवात कशी करावी

संजीवन सभा (श्रद्धा जागवणारी खास सभा) झाली किंवा पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) झाला की चर्चच्या पाळकसाहेबांना गाठून "मला देवाची सेवा करायची आहे, काहीही काम सांगा" असे म्हणणारी माणसे पुण्यातल्या बहुतेक मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या सभासद-समूहांत, दिसतात. मनापासून म्हणतात. तरी त्यातले पुष्कळ जण पावसाळा संपेपर्यंत दिसेनासे होतात. त्यांची भक्ती कमी पडते असे नाही. काम केवढे आहे आणि आपल्याकडे वेळ केवढा आहे, हे कोणी आधी मोजलेले नसते.

हा लेख अशा नव्या सेवकांसाठी आहे, आणि तो एकाच कामाबद्दल आहे: आजारपणामुळे किंवा वयामुळे घरी खिळलेल्या सभासदांची नियमित भेट. गायनवृंदाला आवाज लागतो, रविवारच्या शाळेला शिकवण्याची हातोटी लागते. या कामाला ठरलेल्या दिवशी दारात उभे राहणे एवढेच लागते, आणि नेमकी तिथेच माणसे कमी पडतात. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होऊ लागले तेव्हा त्या कामासाठी सात जण निवडले गेले. आम्ही करू, कधीतरी करू, असे म्हणून ते काम सर्वांवर सोडून दिले नाही.

आधी आठवडा मोजा

कागदावर सात वार लिहा. नोकरी, प्रवास, मुलांचे क्लास, स्वयंपाक, झोप हे सगळे खरे खरे भरा. मग न हलणारे दोन तास कुठे उरतात ते बघा. पंचवीस मिनिटांच्या भेटीला दोन तास लागतात. जाणे-येणे, जिन्यात किंवा दारात थांबणे, भेट, आणि नंतरची नोंद यांत तो वेळ जातो. हा हिशेब न करता "आठवड्याला तीन घरे" असे सांगणारा माणूस दुसऱ्या महिन्यात एकाही घरी जात नाही.

सुरुवातीचे माप असे ठेवा: एक घर, दर पंधरा दिवसांनी, ठरलेला वार, ठरलेली वेळ. मुदत एक वर्ष. तीन महिन्यांनी थांबून पाळकांशी बोलायचे. उत्साह कितीही असला तरी पहिल्या सहा महिन्यांत दुसरे घर घेऊ नका.

अंतराचा विचार पुण्यात फार करावा लागतो. राहायला वाकड, नोकरी हिंजवडीला, चर्च कॅम्पात आणि भेटीचे घर हडपसरला, असे असेल तर कामाच्या दिवशी संध्याकाळी ते जमणार नाही. घर तीन-चार किलोमीटरच्या आत हवे, नाहीतर रविवारच्या चर्चच्या वाटेवर हवे. मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल असे घर मिळाले तर पावसाळ्यातही खंड पडत नाही. नाना पेठ, भवानी पेठ, गुरुवार पेठ या भागात घर असेल तर पालख्यांच्या मुक्कामाचे दोन दिवस आणि गणेशोत्सवाचे शेवटचे दिवस आधीच दिनदर्शिकेत खुणावून ठेवा. त्या आठवड्यातली भेट आधी किंवा नंतर घ्या, आणि तसे घरी कळवा.

आणखी एक गोष्ट इथेच ठरते. तुमच्या घरच्यांशी बोलणे. तुम्ही भेटीला जाता तेव्हा घरी भांडी कोण घासते, म्हाताऱ्या सासूबाईंना औषध कोण देते? मार्क 7 मध्ये आईबापांना द्यायचे ते देवाला अर्पण केले असे सांगून हात झटकणाऱ्यांना येशूने फार कडक शब्दांत सुनावले आहे. आपल्याच घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असेल तर तुमची सेवा तिथे आहे. मंडळीकडून दुसरे काम मागू नका, उलट मंडळीकडून मदत मागा.

काम मागून घ्या

आपणच घर निवडू नका. ओळखीच्या, बोलघेवड्या, चहा छान करणाऱ्या घराकडे मन आपोआप वळते. पाळकांना किंवा पास्टोरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) सेक्रेटरींना सांगा, आणि महिला मंडळातल्या जुन्या मावशींना जरूर विचारा. कोण किती रविवार आले नाही, हे त्यांना कमिटीच्या रजिस्टरपेक्षा अधिक ठाऊक असते.

घर मिळाले की एवढे विचारून घ्या: घरात आणखी कोण असते, दार कोण उघडते, ऐकू नीट येते का, सध्या मंडळीतले आणखी कोणी जाते का, आणि कोणत्या विषयावर बोलायचे नाही. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. जागेचा वाद, दुरावलेला मुलगा, मंडळीतल्याच कोणाशी जुने भांडण यातले काहीतरी बऱ्याच घरांत असते. आजाराचे तपशील मात्र गरजेपुरतेच विचारा.

पहिल्या भेटीला त्या घराला ओळखणारे कोणीतरी सोबत हवे. पुढेही जोडीनेच जा. येशूनेही शिष्यांना दोघे-दोघे पाठवले. यामागे साधी व्यवहारी कारणे आहेत: एकट्या राहणाऱ्या बाईंच्या घरी एकट्या पुरुषाने जाऊ नये, कोणावर आळ येऊ नये, आणि एकाला ताप आला तरी भेट चुकू नये. घरात लहान मुले असतील तर त्यांच्याबरोबर बंद खोलीत एकट्याने बसू नये. या नियमाला ओळखीचा अपवाद नाही.

फोन आणि वेळ

भेटीच्या आदल्या दिवशी फोन करा. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकून मोकळे होऊ नका. वयस्क माणसे तो पाहतीलच असे नाही. फोनवर एवढे पुरे: "काकू, उद्या पाच वाजता येतोय, पाच-तीसला निघू. काही आणायचे आहे का?" निघण्याची वेळ सांगितली की समोरच्यालाही हायसे वाटते.

सकाळी अकरा ते बारा आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा या वेळा बऱ्या. दुपारी एक ते चार पुण्यात कोणाच्या दाराची बेल वाजवू नये. आजारी माणसाची झोप तेवढीच असते, आणि रात्री जागणाऱ्या सुनेची तर फक्त तेवढीच. सकाळी लवकर अंघोळ, मलमपट्टी, फिजिओथेरपी चालू असते.

तुम्हाला सर्दी, खोकला किंवा ताप असेल तर जाऊ नका. त्याच वेळी फोन करा आणि फोनवरच प्रार्थना करा. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला साधी सर्दीही महागात पडते.

भेटीची पंचवीस मिनिटे

चपला बाहेर काढा, हात धुवा आणि मगच खोलीत जा. पलंगावर बसू नका. खुर्ची ओढून माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडेल अशा बाजूला. कमी ऐकू येणारे लोक ओठांकडे पाहून समजून घेतात. फोन बंद करून पिशवीत ठेवा.

पहिली दहा-बारा मिनिटे त्यांची. तब्येतीचा प्रश्न एकदा विचारा, मग दुसरे बोला: जुने चर्च, जुने पाळक, नाताळची गाणी, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) किंवा जालन्याकडचे गाव. तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली तरी ऐका. स्मरणशक्ती क्षीण झालेल्या माणसाची चूक दुरुस्त करू नका. गेलेला मुलगा ऑफिसातून यायचा आहे असे आजी म्हणाल्या, तर तो कसा होता ते विचारा.

मग वाचन. सहा ते आठ वचने पुरेत. स्तोत्र 23 मध्ये सहा वचने आहेत, 121 मध्ये आठ. दोन्ही पुष्कळांना पाठ असतात आणि ते तुमच्याबरोबर म्हणू लागतात. थांबा, त्यांना म्हणू द्या. म्हातारपणी टाकू नकोस अशी विनवणी असलेले स्तोत्र 71 वृद्धांना फार जवळचे वाटते. स्तोत्र 91 मात्र नुकतेच कॅन्सरचे निदान झालेल्या घरी घाईने वाचू नका. संकट तुझ्याजवळ येणार नाही हे शब्द त्या दिवशी टोचतात. एखादे कडवे हळू आवाजात म्हणता आले तर म्हणा. नारायण वामन टिळकांची गीते जुन्या पिढीच्या ओठांवर असतात, आणि पक्षाघातानंतर बोलणे अडखळलेली काही माणसेही ओळखीच्या चालीवर शब्द म्हणू शकतात.

प्रार्थनेआधी विचारा: "कशासाठी प्रार्थना करू?" जे सांगतील त्यासाठीच करा. दोन मिनिटे, साधे शब्द. प्रार्थनेत उपदेश घुसवू नका. "हे प्रभू, यांना क्षमा करण्याची बुद्धी दे" असे म्हणून समोरच्याला सुनावणे हा अन्याय आहे, कारण त्याला तिथे उत्तर देता येत नाही. बरे होण्याचे वचन तुम्ही देऊ नका, आणि आजार कोणत्या पापामुळे आला याचा शोध तर मुळीच घेऊ नका. सर्वस्व गमावून आजारी पडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते. त्यांनी कारणे सांगायला सुरुवात केली आणि बिघडले. योहान 9 मध्ये जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न केला, तेव्हा येशूने तो साफ बाजूला सारला.

औषधांबद्दल सल्ला नको. "आमच्या ओळखीच्यांना काढ्याने गुण आला" हे वाक्यही नको.

निघताना पुढची तारीख सांगा आणि त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांच्यादेखत खूण करा. पुष्कळ घरांत ती खूण रोज पाहिली जाते.

खायला काय न्यावे, कुठे हात लावू नये

रिकाम्या हाताने कसे जावे म्हणून चिकू, केळी, बिस्किटे नेली जातात. विचारल्याशिवाय काही नेऊ नका. मधुमेह असेल तर चिकू-केळी अडचणीची. मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलेले असेल तर नारळपाणी, केळी आणि संत्री त्रासदायक ठरतात. पक्षाघात झालेल्या माणसाला आपल्या हाताने पाणीसुद्धा पाजू नका. गिळण्याची ताकद गेलेली असली तर पाणी श्वासनलिकेत जाते. घरच्यांना सांगा, ते त्यांच्या पद्धतीने देतील.

कोणी पडले तर लगेच ओढून उठवू नका. कुठे दुखते ते विचारा, पाय हलतो का बघा. खुब्यात दुखत असेल, पाय वाकडा किंवा आखूड दिसत असेल, तर तिथेच राहू द्या, पांघरूण घाला आणि 108 वर फोन करा.

खरी गरज बहुधा दुसरीच असते

तीन-चार भेटींनंतर लक्षात येते की घराला प्रार्थनेइतकीच छोट्या कामांची गरज आहे. इथे सेवकाची खरी परीक्षा असते, कारण ही कामे कोणी पाहत नाही.

"आजी हल्ली बोलतच नाहीत" असे घरचे म्हणतात तेव्हा आधी श्रवणयंत्र बघा. बॅटरी संपलेली असते. बॅटरीचा नंबर पाकिटाच्या रंगावरून कळतो: 10 पिवळा, 312 तपकिरी, 13 नारिंगी, 675 निळा. मागचा चिकट कागद काढला की बॅटरी झिजू लागते, म्हणून तो आधीपासून काढून ठेवायचा नाही.

खडकी-देहूरोडच्या कारखान्यांतून, रेल्वेतून, पोस्टातून निवृत्त झालेली ख्रिस्ती कुटुंबे पुण्यात पुष्कळ आहेत. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. ऐंशी पूर्ण झालेल्यांना 1 ऑक्टोबरपासून देता येतो. आता त्यासाठी बँकेत न्यायची गरज नाही. 'जीवन प्रमाण' अ‍ॅपवर चेहऱ्याच्या ओळखीने घरबसल्या होतो. पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक, पेन्शनचे बँक खाते आणि आधारला जोडलेला मोबाइल एवढे हाताशी हवे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा चेहरा कमी उजेडात पकडला जात नाही, म्हणून सकाळी, खिडकीजवळ करा. ऑक्टोबरातल्या भेटीत आठवण द्या. डिसेंबरात पेन्शन अडली की सगळ्यांची धावपळ होते.

सगळ्यांत मोठी मदत आजाऱ्याला नाही, त्याची काळजी घेणाऱ्याला लागते. महिन्यातून एकदा म्हणा, "सूनबाई, आम्ही दोघे दोन तास इथे बसतो, तुम्ही बाहेर जाऊन या." त्या बँकेत जातील, केस कापून येतील किंवा नुसत्या बागेत बसून येतील, ते विचारू नका. जाण्याआधी औषधांच्या वेळा, शौचाची सोय आणि डॉक्टरांचा फोन नंबर कागदावर लिहून घ्या.

प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) कधीपासून मिळाले नाही, हेही विचारा आणि पाळकांना कळवा. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत ते देणे सामान्यतः पाळकांचे काम आहे. कॅथलिक पॅरिशमध्ये नेमणूक झालेले सामान्य भाविकही ख्रिस्तप्रसाद (तेच प्रभुभोजन) घरी नेतात, आणि आजारी व वृद्धांना तो घेण्याआधीच्या एक तासाच्या उपवासाचा नियम लागू नाही.

हॉस्पिटलात

ससूनसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात भेटीच्या वेळेतच जा आणि दोघांपेक्षा जास्त जण जाऊ नका. वॉर्डात मोठ्याने प्रार्थना किंवा गाणे नको, पत्रके वाटणे तर नकोच. शेजारच्या खाटेवरही आजारी माणूस आहे, त्याचा धर्म आणि त्याची झोप दोन्ही त्याची आहेत. त्याच्याकडे डबा नसेल तर डबा द्या. त्या डब्याला कसलीही अट लावू नका.

बिलाची चिंता दिसली तर आधी मंडळीतून वर्गणी काढू नका, आधी हक्काचे विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू असलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन नातेवाइकाला त्याच्याकडे न्या. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखाव्या लागतात. तिथल्या समाजसेवकाला दाखल होतानाच भेटावे, डिस्चार्जच्या दिवशी गेले तर उशीर झालेला असतो.

पैसा, सह्या, गुपिते

स्वतःच्या खिशातून रोख देऊ नका. कठोर वाटेल, पण एकदा दिले की पुढची प्रत्येक भेट त्या पैशाभोवती फिरते, आणि परत करता येत नाही म्हणून तेच घर तुम्हाला टाळू लागते. गरज पाळकांना सांगा. मंडळीच्या गरीब फंडातून, नोंद करून, दोन सह्यांनी मदत जाऊ द्या. 2 करिंथ 8 मध्ये यरुशलेमेसाठी गोळा केलेली देणगी नेताना प्रेषित पौलाने सोबत दुसरी माणसे घेतली, कोणी बोट दाखवू नये म्हणून.

एटीएमचा पिन आणि ओटीपी कधी ऐकूनही घेऊ नका. औषधे आणून दिली तर बिल आणि उरलेले सुटे त्याच दिवशी द्या. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही मागितली तर नम्रपणे नकार द्या आणि वकील सुचवा. ख्रिस्ती माणसाचे मृत्युपत्र भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 खाली येते. त्याला किमान दोन साक्षीदार लागतात, आणि साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला ठेवलेली देणगी त्या कायद्याने रद्द ठरते. नातेवाइकांच्या वादात भेटीला जाणारा माणूस असा ओढला गेला की त्या घराचे दार त्याला बंद होते.

ऐकलेले बाहेर जाता कामा नये. मंडळ्यांत गुपिते बहुतेकदा "प्रार्थनेचा विषय" या नावाने फुटतात. कॉटेज मीटिंगमध्ये (कोणाच्या तरी घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत) "अमक्यांच्या मुलाच्या व्यसनासाठी प्रार्थना करू या" असे कोणी कळवळून म्हणते, आणि सोमवारी ते सर्व पेठांत पोचलेले असते. त्या माणसाने होकार दिला असेल तेवढेच, तेवढ्याच शब्दांत सांगा. आजाऱ्याचा फोटो काढू नका. ग्रुपवर "आज भेट दिली, देवाची स्तुती असो" असे टाकण्याआधी, दानधर्म गाजावाजा न करता करा असे सांगणारा मत्तय 6 वाचा.

एकच अपवाद. वृद्धाला मारहाण होते, उपाशी ठेवले जाते किंवा जबरदस्तीने सह्या घेतल्या जातात असे दिसले, तर गप्प बसू नका. त्याच दिवशी पाळकांना सांगा. ज्येष्ठांसाठी 14567 आणि मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे.

वही

घरी पोचल्यावर पाच ओळी लिहा: तारीख, कोण भेटले, काय वाचले, काय करायचे कबूल केले, पुढची तारीख. आजाराचे तपशील, घरातले वाद, पैशाचे आकडे लिहू नका. वही हरवू शकते. "काय कबूल केले" ही ओळ सर्वांत आधी पूर्ण करा. चष्म्याची काडी दुरुस्त करून आणतो म्हटले आणि महिनाभर आणली नाही, तर नंतरच्या कोणत्याही प्रार्थनेवर त्या घराचा विश्वास बसणे कठीण. मत्तय 21 मध्ये दोन मुलांपैकी एक "जातो" म्हणाला आणि गेला नाही. हा दाखला सेवकाने दर महिन्याला वाचावा.

कंटाळा येतो तेव्हा

पाचव्या-सहाव्या महिन्यात येतोच. तेच घर, तीच गोष्ट, बरे होण्याचे चिन्ह नाही. नवे सेवक इथे स्वतःलाच दोष देतात आणि सोडतात. केडगावच्या मुक्ती मिशनकडे बघा. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी ते उभे केले. त्यांची विद्वत्ता सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिथला दिवस धान्य, पाणी, कपडे, आजारपण, विणकाम आणि छापखाना यांतच जायचा. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतरही तिथल्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातांनी छापले गेले. कंटाळवाणे काम म्हणजे चुकीचे काम, असे समजू नका.

थकवा मात्र वेगळा. झोप उडाली, घरी चिडचिड वाढली, भेटीच्या आदल्या रात्री पोटात गोळा येऊ लागला, तर पाळकांना सांगून एक महिना सुट्टी घ्या. मोशेचा सासरा इथ्रो याने त्याला हेच सांगितले होते: एकट्याने केलेस तर तू झिजशील आणि लोकही झिजतील. सुट्टीवर जाण्याआधी दोन आठवडे भेटीच्या घरी कळवा आणि त्या काळात जोडीदाराला एक भेट तरी द्यायला लावा.

भेट चुकली तर? त्याच दिवशी फोन करा, कारण लांबलचक सांगू नका, नवी तारीख द्या आणि ती पाळा. लाजेने फोन टाळला की दोन आठवड्यांचे दोन महिने होतात.

वर्ष संपल्यावर

पुढे चालू ठेवायचे की नाही, हे बाराव्या महिन्यात नव्हे, दहाव्या महिन्यात ठरवा. थांबणार असाल तर नव्या जोडीला शेवटच्या दोन भेटींना बरोबर न्या. त्यांच्या हाती एक कागद द्या: बेल चालत नाही, दार ठोठवावे लागते, डाव्या कानाने ऐकू येते, चहा बिनसाखरेचा मागा, नाहीतर त्या स्वतःसाठीही साखर घालतात, स्तोत्र 121 आवडते, धाकट्या मुलाचा विषय काढू नये, हयातीचा दाखला नोव्हेंबरात. नंतर वर्षातून एकदा, नाताळच्या आठवड्यात, तुम्ही जुने पाहुणे म्हणून जाऊन या. त्या दिवशी वही नको.